कोरड्या हातांच्या वाती

देव आहे की नाही, असला प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नाही. मला पडायचा तो प्रश्न भलताच होता: आत्ता धुतलेले हात खरंच धुतले गेले का? हसू नका. ज्याला हा प्रश्न एकदा चिकटला आहे त्याला जाऊन विचारा. तीन वर्षं मी त्या एका प्रश्नाबरोबर काढली, आणि त्या तीन वर्षांत पोटच्या पोरीला एकदाही हात लावला नाही. आता माझे केस पिकू लागलेत, पोर सासरी नांदते आहे, म्हणून हे सगळं लिहायचं धाडस करते आहे. अक्षर यांनी शिकवलेलं, ते वाकडंच आहे. देवीनं सांभाळून घेतलं तसं वाचणाऱ्यांनीही घ्यावं.

खोपोली आणि खालापूर यांच्यामध्ये, पाताळगंगेच्या काठी आमचं गाव. घरात सासूबाई, हे, धाकटे भावजी, मी आणि आमची यमी, एवढीच माणसं. हे खालापूरच्या कचेरीत कारकून होते. सकाळी लवकर जेवून चालत जायचे आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे. यमीच्या पाठीवर मला मुलगा झाला होता. मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा तो दहा महिन्यांचा होता.

त्या साथीत शेजारच्या काकूंच्या घरी चौघं अंथरुणाला खिळली. पाणी पाजायला उठेल असं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी जाऊन पेज करून घालत असे. एका दुपारी तिकडून परत आले तर बाळ भुकेनं टाहो फोडत होता. मी तशीच खाली टेकले आणि त्याला पदराखाली घेतलं. हात धुवायचे राहून गेले. चौथ्या दिवशी त्याला ताप भरला आणि आठव्या दिवशी तो गेला. त्या महिन्यात घराघरांतून माणसं जात होती, कोण कुणामुळे गेलं याचा हिशेब कुणी मांडत नव्हतं. मला कुणी बोल लावला नाही. लावणार कसा? हात धुवायचे राहिले होते हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

पुढचं काय सांगावं! सुतक फिटलं आणि माझं धुणं सुरू झालं. आधी हात, मग भांडी, मग उंबऱ्यापासून पाटापर्यंत सगळंच. शेवटी मी सरपणसुद्धा धुवून घेऊ लागले. धुतलेली लाकडं पेटायची नाहीत, घरभर धूर व्हायचा, सासूबाई खोकून खोकून बेजार व्हायच्या, पण तोंडानं मात्र कौतुक! "आमच्या सूनबाईचं सोवळं बघायला यावं," असं आल्यागेल्याला सांगायच्या. गावातल्या बायका मला नमुना म्हणून आपापल्या सुनांपुढे उभी करायच्या. वेड लागलेल्या बाईला सगळा गाव शाबासकी देतो आहे, असं दुसऱ्या कुठल्या जातीत होत नसेल. आमच्यात झालं. वैशाखात नदी आटली असती तर माझी काहीतरी पंचाईत झाली असती, पण खोपोलीला विजेचा कारखाना झाल्यापासून घाटावरचं पाणी बारा महिने खाली येऊ लागलं होतं. नदी काही आटेना आणि मी काही थांबेना.

खरं काय ते फक्त पारूनं ओळखलं. पारू आमच्याकडे गोठ्याचं आणि अंगणाचं काम करायची. तोंडाची मोठी फटकळ बाई. माझ्या हातांना भेगा पडून रक्त यायला लागलं होतं. ते पाहून ती एक दिवस म्हणाली, "वैनी, रागवू नका, पन ह्ये सोवळं नाय. ह्यो रोग हाय. आमच्या गावात एकीला असाच लागला व्हता." मी तिच्यावर इतकी भडकले की ती दोन दिवस कामाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि सरळ गोठा झाडायला लागली.

पण सगळ्यांत वाईट हाल झाले ते यमीचे. माझ्या हातांनी एक लेकरू गेलं, आता दुसरं जायला नको, म्हणून मी तिला शिवतच नसे. तिची आंघोळ, वेणी, भरवणं सगळं सासूबाई करायच्या. मी पोळी वाढायचे ती वरून, ताटात टाकायची. पोर तीन वर्षांची होती तेव्हा हे सुरू झालं आणि ती सहा वर्षांची झाली तरी तेच. सुरुवातीला ती रडत धावत यायची आणि मी किंचाळून मागे सरायचे. मग ती शहाणी झाली. माझ्यासमोर आली की स्वतःच दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची. आईला आपला त्रास होऊ नये म्हणून.

उपाय केले नाहीत असं नाही. वैद्यबुवांनी तेल दिलं; तेल लावलं की मी ते धुवून टाकायचे. अंगारे झाले, उपास झाले. हे रागावणाऱ्यातले नव्हते. एकदा मात्र नदीवरून माझी तिसरी खेप झाली तेव्हा दारातच बसले होते, आणि म्हणाले, "अगं, तू मला तरी सांग, तुला नेमकं काय धुवायचं आहे?" मी तिथूनच चौथ्या खेपेला वळले. मी देवीपुढे बसायचे, ते सुद्धा दोन हात लांब. म्हणायचे, आई, तू मला जवळ घेऊ नकोस, मी अमंगळ आहे. अशी प्रार्थना करणाऱ्या बाईला देवीनं तरी काय द्यावं?

माघात भावजींचं लग्न झालं. लग्नाला पेणहून वन्सं आल्या होत्या, म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांनी चार दिवस यमीला पाठीमागे हात बांधून उभी राहताना पाहिलं आणि मग पडवीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पोरीला मी पेणला नेते. तिचं इथे काही खरं नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "न्या." लोकांना वाटलं, काय दगडाच्या काळजाची बाई आहे! मला वाटत होतं, पेणला तरी ती माझ्यापासून सुखरूप राहील. जाणं ठरलं ते बोडणानंतर तिसऱ्या दिवशी.

बोडण हा आमच्या घराण्यांतला कुळाचार. घरात लग्न झालं, मूल झालं, की तो करावाच लागतो. देवीची पूजा करायची, पुरणावरणाचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग चार सवाष्णींनी आणि एका कुमारिकेनं परातीभोवती बसून तो सगळा नैवेद्य हातांनी कालवायचा. दूध, दही, तूप, मध घालघालून. पाच जणींचे दहा हात एका परातीत. कुमारिकेला मध्ये मध्ये विचारायचं, काय हवं? त्या वेळी ती पोर नसते, देवी असते. ती मागेल ते द्यायचं. पुरुषांनी तिथे फिरकायचंसुद्धा नाही. मग ते कालवलेलं सगळं गाईला घालायचं. सवाष्णी ठरल्या होत्या: नवी जाऊ, वन्सं, शेजारच्या काकू आणि मी. कुमारिका यमी. आता तुम्हीच सांगा, जी बाई स्वतःच्या मुलीच्या सावलीलाही भीत होती, तिनं त्या परातीत हात घालायचा म्हणजे काय! आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

मंगळवार उजाडला. पहाटेपासून पुरण शिजत होतं. सूर्य कासराभर वर आला आणि काकूंच्या घरून निरोप आला, काकू बाजूला बसल्या. आता चौथी सवाष्ण आणायची कुठून? आमचं सोडून गावात आमच्या लोकांची घरंच तीन. काकूंचं सोडलं तर एका घरात बाळंतपणाचं सुवेर, दुसऱ्या घरची बाई माहेरी. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "केलेलं पुरण फुकट जाणार, आणि नव्या सुनेच्या पायगुणाला लोक नावं ठेवणार," असं म्हणून त्या रडायलाच लागल्या. नवी जाऊ तर बिचारी भिंतीला टेकून पांढरीफटक पडली होती. आणि मी? खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला. सुटले, असं वाटलं. देवीच्या कामात विघ्न आलं म्हणून हरखलेली मी एकटीच सून असेन. त्या आनंदात मी हात धुवायला मागच्या दारी गेले.

तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला. खोपोली स्टेशनाकडून येणाऱ्या बैलगाडीचं चाक आमच्या कुंपणापाशीच निखळलं होतं. गाडीवान बैल सोडत पारूला सांगत होता, "बाय, चाक गेलं. सुतार येत नाय तवर गाडी हलायची नाय. आमची बामनाची बाई हाय, तिला जरा सावलीत बसू द्या." गाडीतून एक बाई उतरली. चाळिशी उलटलेली, सावळी, अंगानं थोराड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घाबरलेली नाही, वैतागलेली नाही. लुगडं झटकलं आणि पारूलाच म्हणाली, "चाकानं जागा मात्र चांगली बघितली हो. आंब्याची सावली आहे, आणि पुरणाचा वास येतोय."

सासूबाई डोळे पुसत बाहेर आल्या. बाई कशेळ्याची, बहिणीकडे खालापूरला निघालेली. सासूबाईंनी तिथे पायरीवरच तिचं आडनाव, गोत्र, माहेर, मामेकूळ सगळं विचारून घेतलं. तेवढं झाल्याशिवाय त्यांनी साक्षात देवीलाही आत घेतलं नसतं. सगळं जुळलं. वर बाई सकाळपासून निरंकार. गाडीत काही खायचं नाही असा तिचा नेम. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही बोडणाला बसाल का?" ती म्हणाली, "बसायला काय, बोलावल्यासारखीच आले आहे." मी मागच्या दाराशी ओल्या हातांनी उभी राहून हे ऐकत होते. ते ओले हात मी पुन्हा धुवायला घेतले.

बाईनं आंघोळ केली, सोवळं नेसली, आणि आम्ही परातीभोवती बसलो. एका बाजूला वन्सं, पलीकडे नवी जाऊ, समोर यमी, आणि माझ्या शेजारी ती. सासूबाई सोवळ्या, म्हणजे विधवा, म्हणून त्या दूर बसून सांगत होत्या. पूजा झाली, पुरणाचे दिवे ओवाळले, आणि कालवायला सुरुवात झाली. चौघींनी हात घातले. मी बोटांची टोकं परातीच्या काठाला लावून बसले. कुणी पाहत नव्हतं असं मला वाटलं. शेजारी बसलेल्या त्या बाईनं पाहिलं असावं. तिनं फक्त आपला गुडघा जरा मागे घेतला, मला जागा व्हावी म्हणून.

वन्संनी विचारलं, "कुमारिके, काय हवं?" यमी म्हणाली, "दूध." दूध घातलं. पुन्हा विचारलं, "काय हवं?" "दही." दही घातलं. मग मध, मग तूप. पोर चांगली रंगात आली होती. एरवी तिला कोण इतकं विचारत होतं! वन्सं म्हणाल्या, "आणखी काय हवं?" यमी थांबली. तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आईनं पण कालवायला हवं."

सासूबाईंच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. ती यमी असती तर मी ओरडले असते. पण त्या वेळी ती यमी नव्हती, आणि तिनं मागितलं ते द्यायलाच हवं होतं. मी डोळे मिटले. मनात म्हणाले, आई जगदंबे, काय व्हायचं असेल ते होवो, आता मी नाही म्हणू शकत नाही. आणि मनगटापर्यंत हात घातले. कोमट, मऊ, चिकट सगळं. कुणाचा हात कोणता ते कळत नव्हतं. आणि त्या गोळ्याच्या आत एक लहानसा हात सरपटत आला आणि त्यानं माझं बोट धरलं. तीन वर्षांनी. मी डोळे उघडले नाहीत. मी तो हात सोडलाही नाही. अशी किती वेळ बसले होते ते मला ठाऊक नाही; नवी जाऊ म्हणते, दिवे विझून गेले होते.

बोडणाचे हात न्हाणीत किंवा नदीवर धुवायचे नसतात. आमच्या घरी सगळ्यांनी एकाच तपेल्यात, एकदाच हात बुचकळायचे आणि ते पाणीही गाईला द्यायचं, अशी रीत. मी यमीच्या पाठोपाठ हात बुचकळले. पुसले. आणि लगेच ते सुरू झालं. बोटांना मुंग्या, कानात एकच घोष: नदीवर जा, नदीवर जा, नाहीतर पोर जाईल. मी उठून मागच्या दारानं निघाले. आंब्याखाली ती बाई मला आडवी आली. "कुठे निघालीस?" मी म्हणाले, "हात धुवायला." ती म्हणाली, "आत्ता तर धुतलेस माझ्यादेखत." मग माझ्या हातांच्या भेगांकडे नीट पाहून एकदम विचारलं, "घरात कापूस आहे का गं?"

मला वाटलं, भेगांवर लावायला मागते आहे. मी कापूस आणून दिला. तिनं पायरीवर फतकल मारली, चिमटीला जराशी राख लावली आणि वात वळायला घेतली. "तू पण वळ," म्हणाली. मी वळायला गेले तर तळव्यांना घाम सुटलेला, वात होईना. "हात कोरडे कर. ओल्या हातानं वात वळत नाही." मी पदराला हात पुसले आणि वळत बसले. पहिल्या वातींचं काही विचारू नका, नुसत्या गाठी. माझं सगळं अंग नदीकडे ओढ घेत होतं आणि मी वाती वळत होते. आणि वळता वळता, कसं कोण जाणे, मी त्या अनोळखी बाईला बाळाचं सांगून टाकलं. काकूंच्या घरून आले, हात धुतले नव्हते, पदराखाली घेतला. जे यांना सांगितलं नाही, सासूबाईंना सांगितलं नाही, ते सांगितलं.

मला वाटलं, ती म्हणेल, वेडी आहेस, तुझा काही दोष नाही. ती तसं म्हणाली नाही. वात वळायचं न थांबवता म्हणाली, "तुझ्या हातानं गेला की नाही, हे मला कसं ठाऊक असणार? तुलाही ठाऊक नाही. मग ज्याला ठाऊक आहे त्याच्यापाशी ठेव की ते. तू कशाला धुवत बसलीस?" एवढं बोलून तिनं माझी गाठीगाठीची वात उचलून आपल्या वातींत ठेवली. मी ओक्साबोक्शी रडले. पारू गोठ्याच्या दारात शेणाच्या हातानं उभी होती, तीही पदरानं डोळे टिपत होती.

मग बाईनं आपलंही सांगितलं. लहानपणी तिच्या माहेरच्या आळीत आग लागली होती. तेव्हापासून चुलीत निखारा राहिला की काय, हे बघायला ती झोपण्याआधी वीस वीस वेळा उठायची. "सासरी सगळे मला हसायचे. शेवटी कंटाळून कंटाळून सुचलं. एकदा नीट बघायचं, आणि म्हणायचं, आई, माझं बघून झालं, आता तू बघ. हात एकदा धुवायचे, चांगले राख लावून. मग पुन्हा धुवावेसे वाटतील. वाटू देत. त्याच्याशी भांडायला जाऊ नकोस, भांडलं की ते आणखी चेकाळतं. कापूस घ्यायचा आणि वात वळायची." मी विचारलं, "किती?" ती चटकन म्हणाली, "मोजायच्या नाहीत हो! तुझ्यासारखी मोजायला लागली की तोही एक रोगच." दुपार कलेपर्यंत सुतारानं चाक बसवलं. बाई पुरणपोळी जेवली, आणखी एक मागून घेतली, सासूबाईंनी वन्संकडून ओटी भरवली, आणि ती गाडीत बसून निघून गेली. मला उपदेश केल्याचा आव तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

तिसऱ्या दिवशी वन्संची गाडी दारात आली. यमीचं गाठोडं बांधून झालं होतं. सासूबाई तिची वेणी घालायला फणी घेऊन बसल्या, तेव्हा मी म्हणाले, "द्या इकडे, मी घालते." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मुकं माणूस बोललं. मी यमीला पुढ्यात घेतलं. ती हात पाठीमागे बांधायला लागली. मग पाठीमागे मीच आहे म्हटल्यावर हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मी तेल लावलं, विंचरलं, वेणी घातली. सगळी वाकडी झाली. बोटं तेलानं माखली होती आणि मनात तोच घोष उठला. उरलेलं तेल मी सरळ स्वतःच्या केसांना पुसून टाकलं. मग वन्संना म्हणाले, "वन्सं, हिला राहू दे. मला एकदा करून बघू दे." वन्सं मोठ्या कडक. पण त्यांनी गाठोडं गाडीतून काढून माझ्या पायाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "वेणी मात्र पुन्हा घाल. ही काय दोरी वळली आहेस?" आणि तोंड फिरवून गाडीत बसल्या.

हे वाचून कुणाला वाटेल की बोडण झालं आणि मी बरी झाले. तसं काही झालं नाही. पुढचं दीड वर्ष काय गेलं ते माझं मला ठाऊक. कित्येकदा वात अर्धी टाकून मी नदीकडे पळाले. यमीला एकदा गोवर आला तेव्हा तर मी पुन्हा मूळ पदावर आले. चार दिवस तिला शिवले नाही, हातांतून पुन्हा रक्त काढलं. पाचव्या दिवशी पारू कापसाचा पेळू घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "वैनी, आपला कारखाना चालू करा." मी हसले, आणि हसले म्हणून वळायला बसले. हळूहळू नेम जमला. पहाटे एकदा, स्वयंपाकाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. सरपण धुणं बंद झालं, तेव्हा सासूबाईंचा खोकलाही गेला. माझ्या सोवळ्याचं कौतुक करणाऱ्या बायका आता म्हणू लागल्या, "हिचं पूर्वीसारखं राहिलं नाही हो." सासूबाई त्यांना ठणकावून सांगायच्या, "नाहीच राहिलं, देवीची कृपा!" त्या माउलीचे उपकार मी कसे फेडू? आणि शेवटी यांना मी बाळाचं सांगितलं. हे म्हणाले, "मी पण त्या दिवशी कचेरीतून येऊन त्याला तसाच उचलून घेतला होता." इतकी वर्षं दोघं एकाच घरात, एकच ओझं वेगवेगळं वाहत होतो.

वाती आमच्या घरात मावेनात. गावच्या देवळात दिल्या, खालापूरला दिल्या, येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओटीत घातल्या. चारेक वर्षांनी एक मोठी पुडी बांधून यांच्याबरोबर मी मुद्दाम कशेळ्याला गेले. बाईचं घर सापडायला काही त्रास झाला नाही. अंगणात वाल सोलत बसली होती. मी वाकून नमस्कार केला, कोण काय ते सांगितलं. तिनं मला ओळखलं, म्हणजे घर ओळखलं. "अगंबाई, त्या पुरणपोळीचं घर! काय पोळी होती! माझ्या बहिणीला मी आठ दिवस सांगत होते." मी म्हणाले, "तुम्ही मला वाती वळायला सांगितलंत." ती विचारात पडली. "वाती? सांगितलं असेन बाई. मला काही आठवत नाही." जिच्या एका दुपारीवर माझा अख्खा जन्म उभा होता, तिला ती दुपार आठवतही नव्हती. आठवत होती ती पोळी! मी पुडी तिच्या हातात दिली. निघताना न राहवून विचारलं, "आता चूल बघायला उठता का?" ती खो खो हसली. "उठते की. दोनदा. वीसदा नाही, दोनदा." परतताना गाडीत मला सारखं वाटत होतं, असं देता आलं पाहिजे. देणाऱ्याला दिल्याची आठवणसुद्धा राहू नये. देवीनं मला दर्शन दिलं नाही, दृष्टांत दिला नाही. तिनं एका भल्या बाईच्या गाडीचं चाक काढून ठेवलं, आणि काम झाल्यावर ते परत बसवून दिलं. मी तरी असं मानते. न मानणाऱ्याशी माझं भांडण नाही.

बाळ कशानं गेलं, हे मला आजही ठाऊक नाही. पूर्वी ते मला ठाऊक हवंच होतं. आता रोज सांजवात लावताना ते मी तिच्यापुढे ठेवते आणि म्हणते, आई, हे तुझ्यापाशी असू दे. रोज ठेवावं लागतं. एकदा ठेवलं आणि संपलं, असं ते नाही.

गेल्या वर्षी यमी पहिल्या बाळंतपणाला घरी आली. माघाचाच महिना होता, खाचरांत वाल फुलले होते. सकाळी ती मोकळी झाली, मुलगा झाला. सुईणीनं बाळाला न्हाऊ घालून तिच्या कुशीत दिला. सुवेरातल्या बाळंतिणीच्या खोलीत स्वयंपाकाच्या सोवळ्यात असलेल्या बाईनं लगेच जाऊ नये, अशी जुनी रीत; पण मी वाट बघितली नाही. मागच्या दारी जाऊन हात धुतले, पुसले आणि खोलीत गेले. खाटेजवळ उभी राहिले आणि काय झालं कोण जाणे, माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. यमीनं ते पाहिलं. ती दमलेली होती, घामानं केस कपाळाला चिकटले होते. बाळाला छातीशी धरून तिनं नव्या आईसारखं, अगदी सहज विचारलं, "आई, हात धुतलेस ना गं?"

आणि मग आम्ही दोघीही एकमेकींकडे बघत राहिलो.

मी म्हणाले, "धुतले गं बाळ. एकदा."

"मग पुढे कर," ती म्हणाली, आणि तिनं तिचं लेकरू माझ्या हातांत दिलं.